गुंठे की एकर?

सर शहापुरात पेटी शिकवायचे. बेळगाव-धारवाडकडच्या बैठका, गणपतीतली भजनं, जे जे कॅसेटवर होतं ते त्यांनी ३ टीबीच्या एक्स्टर्नल डिस्कवर उतरवून घेतलेलं. मूळ कॅसेटना इथल्या पावसाळ्यात बुरशी लागली, त्या केव्हाच टाकून दिल्या.

वळवाच्या पावसात लाइट गेली, आली आणि डिस्कच्या बॉक्समधून जळका वास आला. एका दुकानात बॉक्स उघडून आतली साडेतीन इंची डिस्क साटा केबलने सरळ कॉम्प्युटरला लावली, तर विंडोज म्हणे फॉरमॅट करा.

"डिस्क गेली म्हणालाय तो, फॉरमॅट मारून बघूया म्हणालाय. मी उचलून आणली. बघ की रे जरा."

उचलून आणली हे फार बरं केलं. फॉरमॅट मारलं की फायलींच्या यादीवरच नवी यादी चढते, मग नावं-फोल्डर शोधत बसा.

कानाला लावून बघितली. टकटक नाही, घरघर नाही. स्मार्टचे आकडे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, काढले तर वाचताना अडकलेले सेक्टर (डिस्कवरचे माहितीचे छोटे कप्पे) शून्य. इतकी धडधाकट डिस्क मेली म्हणायची कशी? तरी आधी डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने दुसऱ्या डिस्कवर एका फाइलीत हुबेहूब प्रत काढायला लावली. ३ टीबीला पाच-सहा तास जातातच. पुढची सगळी खटपट त्या प्रतीवर.

पार्टिशन टेबल, म्हणजे डिस्कचा कुठला भाग कुठून सुरू होतो ती यादी, शाबूत होतं. पार्टिशन सेक्टर २५६ पासून सुरू, असं त्यात लिहिलेलं. २५६ वर गेलो, तिथं काही नाही. पार्टिशन सहसा २०४८ पासून सुरू होतं, म्हणून सवयीने तिथं डोकावलो आणि स्क्रीनच्या उजव्या बाजूला 'एनटीएफएस' (विंडोजची फायली मांडायची पद्धत) ही अक्षरं स्वच्छ दिसली. २५६ गुणिले आठ, २०४८! त्याच सेक्टरमध्ये पुढे सेक्टरचा आकारही नोंदलेला: ४०९६ बाइट. इथं मात्र मी खुर्चीतून उठलो.

एमबीआर या जुन्या पद्धतीच्या पार्टिशन टेबलात सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांतच मावावा लागतो. ५१२ बाइटचा सेक्टर धरला तर साधारण २ टीबीच्या पुढं हिशेबच जात नाही. विंडोज एक्सपीलाही मोठी डिस्क चालावी म्हणून काही बॉक्समधला बोर्ड आठ-आठ सेक्टर एकत्र करून कॉम्प्युटरला ४०९६ चा एकेक सेक्टर दाखवायचा. बोर्ड जळला, डिस्क सरळ लावली आणि ५१२ ची मोजणी सुरू झाली. उताऱ्यावर २५६ लिहिलंय, पण गुंठे की एकर ते लिहिलेलंच नाही, तसं हे. डिस्क बिचारी खरंच बोलत होती.

लिनक्समध्ये प्रतीची फाइल लूप डिव्हाइस म्हणून, म्हणजे जणू खरी डिस्कच आहे अशी, जोडली, सेक्टर ४०९६ चा आहे असं सांगितलं. पार्टिशन आपसूक उघडलं. वर्षावार फोल्डर, सरांनी मराठीत दिलेली नावं, सगळं जागच्या जागी. सरांनी हेडफोन लावला, अर्धं मिनिट ऐकलं आणि म्हणाले, "तबला चढा लागलाय, तेव्हाच सांगितलेलं मी त्याला."

दोन नव्या डिस्कवर प्रती करून दिल्या.

"मग ही जुनी नव्या बॉक्समध्ये घालून वापरू काय?"

"वापरा की सर, पण आधी कोरी करावी लागेल. नवा बॉक्स बहुधा ५१२ नेच मोजणार, परत फॉरमॅट मागेल."

"कोरी नको. राहू दे तशीच."

मग मार्करने तिच्यावर ठळक '४०९६' लिहिलं आणि खाली, 'फॉरमॅट करू नये'.