माइन्झचे प्रजासत्ताक आणि मताआधीची शपथ

विल्यम जोन्स यांच्या इंग्रजी भाषांतरावरून कालिदासाचे ‘शाकुंतल’ १७९१ मध्ये जर्मन वाचकांपर्यंत पोहोचवणारे गेओर्ग फोर्स्टर माइन्झ विद्यापीठाचे ग्रंथपाल होते. दोनच वर्षांनी जर्मन भूमीवरचे पहिले म्हणावे असे लोकशाही प्रजासत्ताक त्याच शहरात उभे राहिले, आणि त्याच्या सूत्रधारांत फोर्स्टर होते.

ऑक्टोबर १७९२ मध्ये जनरल क्युस्तीन यांच्या फ्रेंच फौजेने माइन्झ घेतले. तिथे राज्य करणारे आर्चबिशप आधीच निघून गेले होते. दोन दिवसांत जेकोबिन क्लब, म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीच्या समर्थकांचे मंडळ, स्थापन झाला. पुढे लोकांसमोर दोन वह्या ठेवण्यात आल्या. ज्याला स्वातंत्र्य हवे त्याने लाल वहीत सही करावी, ज्याला गुलामगिरी हवी त्याने काळ्या. आणि काळ्या वहीला साखळ्या बांधल्या होत्या.

हे वाचताना गोव्याच्या माणसाला १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल आठवल्याशिवाय राहत नाही. महाराष्ट्रात विलीनीकरणासाठी फूल, वेगळ्या संघप्रदेशासाठी दोन पाने, अशा दोनच निशाण्या आपल्यापुढेही होत्या, आणि ३४,०२१ मतांनी दोन पाने जिंकली. मराठीप्रेमी घरांत त्या निकालाची सल अजून आहे, तरी तो निकाल आपण मानला, कारण दोन्ही बाजूंची मते सारख्याच मोलाने मोजली गेली होती.

माइन्झमध्ये २४ फेब्रुवारी १७९३ च्या निवडणुकीत मत द्यायचे, तर आधी स्वातंत्र्य आणि समता यांच्याशी निष्ठेची शपथ घ्यावी लागे. शहरातल्या बहुसंख्य मतदारांनी पाठ फिरवली, आणि शपथ नाकारणाऱ्या अनेकांना ऱ्हाइनपलीकडे हद्दपार केले गेले. तरीही १८ मार्चला निवडून आलेल्या सभागृहाने लांडाऊपासून बिंगेनपर्यंतचा प्रदेश स्वतंत्र राज्य म्हणून घोषित केला, आणि तीनच दिवसांनी त्याच सभागृहाने फ्रान्समध्ये सामील होण्याचा ठराव केला. तो घेऊन फोर्स्टर पॅरिसला गेले.

त्यांच्या सच्चेपणाविषयी मला शंका नाही, आणि प्रशियाचे सैन्य चालून येत असता एवढेसे राज्य एकटे टिकणार नाही, हा हिशेबही बरोबर होता. पण जनतेच्या नावाने स्थापलेल्या राज्यात मतदार शपथेने गाळून घेणे, ही चूक मला वेढ्याहून घातक वाटते. वेढ्यानंतर २३ जुलैला शहर प्रशियाच्या सैन्याला शरण गेले, तेव्हा क्लबाच्या सभासदांवर त्यांचेच शहरवासी धावून गेले आणि त्यांना भर रस्त्यात मारहाण झाली. फोर्स्टर यांना परतण्याचा मार्गच उरला नाही. १० जानेवारी १७९४ रोजी, वयाच्या ३९ व्या वर्षी, ते पॅरिसमध्ये वारले.