घडीचं पान

एका अभियांत्रिकी महाविद्यालयातून टेक्ट्रॉनिक्स कंपनीचा ४६५ ऑसिलोस्कोप (विजेचे संकेत पडद्यावर रेषेच्या रूपात दाखवणारं यंत्र) दुरुस्तीला आला. १०० मेगाहर्ट्‌झ, दोन चॅनल, १९७२ मध्ये बाजारात आलेलं मॉडेल. तक्रार अशी की दिवा लागतो, पण पडद्यावर रेषा येत नाही. प्रयोगशाळा सहायकांनी सोबत पेनड्राइव्हही दिला. "सर, मॅन्युअल शोधत बसू नका, मी उतरवून ठेवलंय."

उघडलं तर ते ४६५बी या नंतरच्या मॉडेलचं. दोघांचे चेहरे सख्ख्या भावांसारखे, पण आतल्या बोर्डांवरचे सुटे भाग आणि त्यांचे क्रमांक वेगळे. त्या सर्किटच्या नकाशावरून मोजायला बसलं की चांगला ट्रान्झिस्टरही खराब वाटायला लागतो.

त्यामुळे आधी यंत्राचा अनुक्रमांक पाहिला. सुरुवातीला 'बी', म्हणजे अमेरिकेतल्या बीव्हर्टनचा माल. (नुसताच सहा आकडी आणि ३ ने सुरू होणारा असेल तर जपानचा, ७ ने असेल तर हॉलंडचा.) पुढचा आकडा अडीच लाखांच्या वर होता. हे महत्त्वाचं, कारण ४६५ ची मॅन्युअलं २,५०,००० च्या आधीची आणि नंतरची अशी वेगळी निघाली आहेत.

इंटरनेट आर्काइव्ह या फुकट ऑनलाइन संग्रहात नुसतं कंपनीचं नाव आणि ४६५ टाकलं तर वापरकर्त्यासाठीच्या पुस्तिकाही येतात. त्यांत बटणांची माहिती असते, सर्किट नसतं. म्हणून शोधात 'सर्व्हिस' हा शब्द हवाच. टेक्ट्रॉनिक्सच्या अशा जुन्या मॅन्युअलला बहुधा ०७० ने सुरू होणारा स्वतःचा क्रमांक असतो. तो टेकविकी या टेक्ट्रॉनिक्सच्या यंत्रांवरच्या संकेतस्थळावर बघून घ्यायचा आणि आर्काइव्हवर शीर्षकाऐवजी मजकुरात शोधायचा. तसा पर्याय शोधपेटीखालीच असतो. चढवणाऱ्याने शीर्षकात काहीही लिहिलं असलं तरी मुखपृष्ठावरचा क्रमांक मजकुरात सापडतो. मात्र यंत्राने वाचलेल्या मजकुरात शून्याचा 'ओ' आणि आठाचा 'बी' होतो, म्हणून एकदा अर्धाच क्रमांक टाकून बघावा. जुन्या रेडिओ-उपकरणांच्या मॅन्युअलांसाठी 'बामा', जुन्या संगणकांसाठी 'बिटसेव्हर्स' ही संकेतस्थळं. दोन्ही फुकट, खातंही उघडावं लागत नाही.

तीन प्रती मिळाल्या. पहिली जुन्या अनुक्रमांकांची. दुसरी बरोबर, पण वीजपुरवठ्याच्या नकाशाचं पान अर्धंच. हे फार वेळा होतं. नकाशे घडीच्या लांब पानांवर छापलेले असतात आणि स्कॅन करणारा घडी न उलगडता पान सरकवतो. डावीकडे ट्रान्सफॉर्मर आणि डायोड दिसत होते. नियंत्रित व्होल्टेज कुठून कुठे जातं ते उजवीकडे, आणि मला नेमकं तेच हवं होतं. म्हणून मॅन्युअल उतरवण्याआधी शेवटची वीस-पंचवीस पानं चाळायची. मुखपृष्ठ सगळ्यांचंच छान असतं.

तिसऱ्या प्रतीत घडीचं पान पूर्ण होतं, पण पीडीएफमध्ये आकडे पुसट. ३ आहे की ८ ते कळेना. आर्काइव्ह स्वतः बनवतं ती पीडीएफ दाबून लहान केलेली असते. 'शो ऑल' उघडलं की मूळ पानांच्या चित्रांची झिप फाइल दिसते. ती बरीच जड असते, पण तिच्यातलं पान मोठं करून वाचता येतं.

मग काम सरळ झालं. मोजमापाच्या बिंदूंवर −८, +५, +१५, +५५ आणि +११० व्होल्ट अपेक्षित. आधी +५५ बघायचा, कारण बाकीचे नियंत्रक त्याचाच आधार घेतात. तो ठीक होता. +१५ च्या जागी ०.२. यंत्र बंद करून त्या बिंदूपासून ग्राउंडपर्यंतचा रोध मोजला: १.१ ओहम. म्हणजे कुठेतरी शॉर्ट.

एकेक भाग उपटत बसण्यापेक्षा टेबलावरच्या पुरवठ्यातून त्या वाटेवर १ व्होल्ट दिला, प्रवाह अर्ध्या ॲम्पिअरला बांधून. एवढ्या कमी व्होल्टेजवर आयसींना धोका नाही. मग नकाशा समोर ठेवून वाटेवर मिलिव्होल्ट मोजत गेलो. शॉर्टकडे जाताना आकडा उतरत जातो आणि त्याच्यापुढे उतरायचा थांबतो. तो व्हर्टिकल बोर्डवरच्या १० मायक्रोफॅरडच्या टँटलम कपॅसिटरपाशी थांबला. या थेंबाच्या आकाराच्या टँटलमांचं हे जुनंच दुखणं: १५ व्होल्टच्या वाटेवर २०–२५ व्होल्टचे बसवलेले, म्हातारपणी गेले की शॉर्टच होतात. नवा ३५ व्होल्टचा घातला. धन टोकाची खूण दोनदा तपासली, कारण उलटा लागला तर फुटतो. भागांच्या यादीत प्रत्येक ओळीला 'कुठल्या अनुक्रमांकापासून' आणि 'कुठपर्यंत' असे दोन रकाने असतात. कपॅसिटरचं मूल्य तिथूनच पक्कं केलं. पडद्याच्या नळीच्या झाकणाला हात लावला नाही, तिथे हजारो व्होल्ट असतात.

रेषा आली. घडीचं पान ए-३ कागदावर छापून यंत्रासोबत दिलं. सहायकांच्या पेनड्राइव्हवर बरोबर मॅन्युअल टाकलं आणि जुन्या फाइलचं नाव तेवढं बदललं: '४६५बी – आपल्या यंत्राचं नाही'.