आई म्हणायची की आई म्हणते?

मी नऊ वर्षांची आणि माझी बहीण सहा वर्षांची असताना आमची आई सात महिने घरात नव्हती. ती कुठे आहे हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. विचारलं की "बरं नाहीये तिला, येईल" एवढंच उत्तर मिळायचं. पुढे पुढे आम्ही विचारणंच सोडून दिलं. ती मानसिक आजारावरच्या उपचारांसाठी रुग्णालयात होती, हे मला कळलं तेव्हा मी सतरा वर्षांची होते. या सगळ्यावर मुलांसाठी कादंबरी लिहायची हे ठरलं थेट चाळिशी उलटल्यावर, आणि ती पुरी व्हायला साडेचार वर्षं लागली. त्या साडेचार वर्षांत काय झालं ते लिहून ठेवतेय. असंच काही लिहू पाहणाऱ्या कुणाच्या उपयोगी पडलं तर मला फार बरं वाटेल.

पहिल्या खर्ड्यात मी आईला मारून टाकलं होतं. पहिल्याच प्रकरणात अपघात, मग दोन बहिणी, वडील आणि मदतीला आलेली आत्या. मुलींना मी नावं दिलीच नव्हती, नुसती थोरली आणि धाकटी. नावं नंतर सुचतील म्हटलं होतं, ती शेवटपर्यंत सुचली नाहीत आणि आता पुस्तकातही त्या थोरली-धाकटीच आहेत. तो खर्डा ६२ हजार शब्दांचा झाला. नऊ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी हे फार होतं, पण तेव्हा ते मला दिसत नव्हतं.

ज्या संपादक बाईंना मी तो वाचायला दिला, त्यांनी पंधरा दिवसांनी बोलावून घेतलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या या मुलींची आई वारली आहे असं वाटतच नाही हो. फोन वाजला की दोघी धावतात. जिन्यात पावलं वाजली की धाकटी खेळ थांबवते. या मुली वाट बघतायत."

मी घरी येऊन पुन्हा सगळं वाचलं. त्यांचं खरं होतं. कागदावर मी मृत्यू लिहिला होता आणि मुलींना मात्र माझ्या आठवणीतलं वागणं दिलं होतं. मग आईला मारलं कशासाठी? बरेच दिवस विचार केल्यावर कळलं की मृत्यूचा दोष कुणाला लागत नाही. आई गेली म्हटलं की ती सुटते, वडील सुटतात, मीही सुटते. ती जिवंत होती आणि तरीही आमच्याजवळ नव्हती, हे लिहायचं तर पुढचा प्रश्न टाळता येत नाही: का नव्हती?

त्या सुमारास लोककथा गोळा करून छापणाऱ्या जर्मनीतल्या ग्रिम बंधूंबद्दल वाचताना एक गोष्ट सापडली. स्नो व्हाइटच्या जिवावर उठलेली बाई १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत तिची सख्खी आई आहे. १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. सख्खी आई असं करते हे मुलांना कसं सांगायचं, असं त्यांनाही वाटलं असणार. ते वाचून मला धीर आला आणि भीतीही वाटली. आईला निर्दोष ठेवण्यासाठी गोष्ट बदलायची ही सवय दोनशे वर्षं जुनी होती, आणि मी तेच करत होते.

मुलांच्या पुस्तकांत आई नसणं तसं नवीन नाही. साहसकथांमध्ये तर आईवडील पहिल्या दोन प्रकरणांतच बाजूला होतात, कारण घरात जागं मोठं माणूस असेल तर मुलं रात्री बाहेर पडणार कशी? तिथे आई नसणं ही लेखकाची सोय असते. त्या पुस्तकांवर मी वाढले आहे, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझ्या पुस्तकात मात्र आई नसणं हाच विषय होता आणि दुसरं काही साहस नव्हतं. रोजची सकाळ पार पाडणं हेच काय ते साहस.

दुसऱ्या खर्ड्याआधी मी वर्षभर फक्त वाचलं. अमेरिकेतल्या कौटुंबिक समुपदेशक पॉलीन बॉस यांनी ज्याला मी मराठीत 'संदिग्ध वियोग' (ambiguous loss) म्हणते त्यावर आयुष्यभर काम केलंय, आणि १९९९ साली त्यावर सर्वसामान्य वाचकांसाठी पुस्तक लिहिलंय. त्या दोन प्रकार सांगतात. एकात माणूस समोर नसतं, पण मनातून हलत नाही. दुसऱ्यात माणूस समोर असतं आणि तरी नसतं. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून बसले. आमच्या घरी दोन्ही झालं होतं, एकापाठोपाठ एक. रुग्णालयात जाण्याआधीचे कितीतरी आठवडे आई खिडकीपाशी बसून असायची. मी शाळेतून येऊन दप्तर तिच्या पायाशी टाकायचे, तरी ती वळून बघायची नाही. मग ती गेली, आणि घरातल्या प्रत्येक वस्तूत ती दिसायला लागली. म्हणजे तिचं नसणं ती जाण्याच्या आधीच सुरू झालं होतं. मी कादंबरीची सुरुवात तीन महिने मागे नेली. हा एक बदल केला आणि पुढची अर्धी गाठ आपोआप सुटली.

याच खर्ड्यात एक अडचण आली, ती भाषेची. मराठीत आईबद्दल एक वाक्य लिहायचं तरी काळ निवडावा लागतो. "आई गाणं म्हणते" की "आई गाणं म्हणायची"? 'म्हणायची' लिहिलं की आई मागे पडते, गेलेल्या दिवसांत जाते. 'म्हणते' लिहिलं की ते खरं नसतं, कारण घरात गाणं नाही. मी प्रत्येक पानावर अडखळत होते. शेवटी वाटलं, हे माझं अडखळणं मुलींनाच देऊन टाकावं.

म्हणून ते प्रकरण असं झालं. थोरलीला शाळेत आईवर निबंध लिहायला सांगितलाय. ती पेन्सिलीने लिहिते: 'माझी आई रोज संध्याकाळी गाणी म्हणायची.' धाकटी तिच्या खांद्यावरून वाचते. काही न बोलता खोडरबर उचलते, 'म्हणायची' खोडते आणि मोठ्या अक्षरात लिहिते, 'म्हणते'. थोरली ते खोडते. धाकटी पुन्हा खोडते. चौथ्या वेळेला कागद तिथे पातळ होऊन फाटतो. आता त्या वाक्यात क्रियापदाच्या जागी एक भोक आहे, आणि थोरली वही तशीच शाळेत देते. या प्रकरणात कुणी रडत नाही. माझ्या मते सबंध पुस्तकातलं हे सर्वांत दुःखाचं प्रकरण आहे.

रडण्याबद्दल सांगायलाच हवं. पहिल्या खर्ड्यात मुली दर तीन पानांना रडत होत्या. खरं तर आम्ही तशा रडलो नव्हतो. माझी बहीण त्या सात महिन्यांत दोरीवरच्या उड्या शिकली, आणि शंभरचा आकडा गाठला त्या दिवशी घरभर नाचली. "बघा, लहान आहे, विसरली," असं आमची आत्या कुणाला तरी सांगत होती, ते मी ऐकलं होतं. त्याच रात्री बहिणीने अंथरुणात मला विचारलं, "आईला शंभर कळलं असेल का?" लहान मुलांचं दुःख असंच असतं. डबक्यात उतरावं तशी ती त्यात उतरतात आणि लगेच बाहेर येऊन खेळायला लागतात. मार्गारेट स्ट्रोबे आणि हेन्क शुट या दुःखाचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलंय की मोठी माणसंही दुःख आणि रोजचं जगणं यांत अशीच ये-जा करत असतात, आणि ती ये-जाच माणसाला तगवते. मुलांच्या बाबतीत ही ये-जा इतकी झटपट होते की बघणाऱ्याला फक्त खेळ दिसतो.

यावर आणखी एक गोष्ट माझ्या फार उपयोगी पडली. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली रुग्णालयात आठ दिवस राहिलेल्या एका दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट केला. तेव्हा आईवडिलांना मुलांजवळ थांबू देत नसत. ती मुलगी आक्रस्ताळेपणा करत नाही. ती स्वतःला आवरून धरते, ओठ घट्ट मिटते. आणि घरी न्यायला आई येते तेव्हा ती आईचा हात धरत नाही. पुढे ब्रिटनमध्ये १९५९ च्या प्लॅट समितीच्या अहवालाने मुलांना भेटायला आईवडिलांना मोकळीक असावी असं सांगितलं, त्यामागे रॉबर्टसन यांच्या कामाचा मोठा हात होता. मला मात्र तो न धरलेला हात पुरला. माझ्या शेवटच्या प्रकरणात आई येते तेव्हा मुली धावत जाऊन मिठी मारत होत्या. ती मिठी मी काढून टाकली.

रडणं काढलं आणि त्या जागी कामं आली. वेणी कोण घालणार? थोरली घालते, आणि इतकी घट्ट की धाकटीच्या भुवया ताणल्या जातात. प्रगतिपुस्तकावर 'आईची सही' असा रकाना आहे, तिथे काय करायचं? आणि गजर. आई घड्याळात साडेपाचचा गजर लावायची. ती गेल्यावरही तो रोज वाजतो. वडील उठून तो बंद करतात, पण काढून टाकत नाहीत. मुली अंधारात जाग्या असतात, पावलं ऐकतात, आणि रोज क्षणभर फसतात. हे आमच्या घरी खरंच घडत होतं.

मग अपराधीपण. लहान वयात मुलांना वाटतं की आपण मनात आणलं म्हणून तसं घडलं. माझ्या बहिणीने एकदा रागात आईला "तू जा" म्हटलं होतं, आणि ते तिने तिसाव्या वर्षापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. तिची परवानगी घेऊन ते वाक्य मी धाकटीला दिलं. त्या प्रकरणावर मी जास्त हात फिरवला नाही. ते जसं आलं तसंच छापलंय.

दुसरा खर्डा मी नऊ ते बारा वयाच्या पाच मुलांना वाचायला दिला, आणि कंटाळा आला तिथे पेन्सिलीने रेघ मारा म्हणून सांगितलं. पाचही जणांच्या रेघा आत्याच्या समजुतीच्या बोलण्यावर होत्या. "धीर धरा", "देव सगळं बघतो", "तुम्ही शहाण्या मुली", सगळं रेघांखाली. त्या बोलण्यावर मी फार मेहनत घेतली होती. काढताना जिवावर आलं, पण काढलं. पुस्तक ३८ हजार शब्दांवर आलं.

त्यातल्या एका दहा वर्षांच्या मुलीने विचारलं, "पण यांना खरं का नाही सांगत कुणी? मला सांगितलं असतं तर मी समजून घेतलं असतं." तोवर खरं काय ते शेवटून दुसऱ्या प्रकरणात कळत होतं, रहस्यकथेसारखं. एखाद्या मुलाची आई कुठे आहे याचं रहस्य करून पानं उलटायला लावणं मला त्या क्षणी अन्यायाचं वाटलं. आमच्या घरच्यांनी जे केलं तेच मी वाचकाशी करत होते. मी तो उलगडा पुस्तकाच्या मध्यावर आणला. वडील जमिनीवर मुलींशेजारी बसतात आणि आजाराचं नाव सांगतात. हा कुणाच्या बोलण्याने होत नाही, असं सांगतात. डॉक्टर काय करतायत, उद्या सकाळी शाळेत कोण सोडणार, रविवारी फोन किती वाजता लावायचा, हेही सांगतात. ती चार पानं लिहायला मला पाच महिने लागले, कारण ती बोलणी मी कधी ऐकलीच नव्हती. ती मला पहिल्यापासून शोधावी लागली.

छापायला देण्याआधी हस्तलिखित आईला दाखवायचं होतं. ती आता सत्तरीत आहे. मी ते तिच्या हातात दिलं आणि तीन दिवस तिच्याकडे फिरकले नाही. चौथ्या दिवशी गेले तर तिने एका पानात खुणेची चिठ्ठी घालून ठेवली होती. रुग्णालयातून आई फोन करते ते प्रकरण. मी लिहिलं होतं की मुलींचा आवाज ऐकून तिला रडू फुटतं आणि ती तोंडावर पदर धरते.

"हे असं नव्हतं," आई म्हणाली. "मी रडत नव्हते. मला काहीच वाटत नव्हतं. तुम्ही दोघी बोलत होतात आणि मला वाटत होतं, कधी संपतंय."

ती हे शांतपणे सांगत होती. मी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला नाही, पण बोलणंही थांबवलं नाही. म्हणाली, "पोरी, आजार तो होता. दुःख होत असतं तर बरं होतं. मला ते होतच नव्हतं. लिहायचं तर ते लिही."

मुलांच्या पुस्तकात हे लिहावं का? आईला आपल्याबद्दल काही वाटत नव्हतं, हे नऊ वर्षांच्या वाचकाला सांगायचं? संपादक बाईंनाही दोन दिवस विचार करावासा वाटला. मी ते वाक्य अकरा प्रकारे लिहून पाहिलं. शेवटी जे राहिलं ते असं: "तेव्हा मला भूक कळत नव्हती, ऊन कळत नव्हतं, आणि तुम्हीही कळत नव्हतात. आत सगळं बधिर झालं होतं." हे आई स्वतः मुलींना सांगते, परत आल्यावर, दिवा मालवल्यानंतर.

ते पान मी पुन्हा त्या दहा वर्षांच्या मुलीला दाखवलं. तिने ते दोनदा वाचलं. मग विचारलं, "आणि आता?"

तो प्रश्न मी जसाच्या तसा धाकटीच्या तोंडी घातला. त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून ते आईलाच विचारलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आता कळतं. रोज नाही कळत. पण कळतं." पुस्तकात ते तेवढंच आहे.