फिश टँकमधील नायट्रेट कमी करताना आधी नळाचे पाणी तपासावे

घरी फिश टँक ठेवणाऱ्या बहुतेकांचे लक्ष नायट्रेटकडे जाते ते काचेवर हिरवे शेवाळ भराभर धरू लागल्यावर, आणि तोपर्यंत दुकानदाराने एखादी ‘नायट्रेट रिमूव्हर’ची बाटली पुढे केलेलीही असते. ती विकत घेण्यापूर्वी दोन गोष्टींचे मोजमाप करावे, असे माझे स्पष्ट मत आहे : आपण टँकमध्ये भरतो त्या पाण्यात मुळातच किती नायट्रेट आहे, आणि रोज टाकतो त्या खाद्यातून त्यात किती भर पडते. हे दोन आकडे हाती आले की कोणता उपाय कामाचा आणि कोणता निरुपयोगी, हे बऱ्याच अंशी आपोआप ठरते.

माशांच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून आणि कुजणाऱ्या खाद्यातून अमोनिया पाण्यात येतो; फिल्टरमधील जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन पदार्थ अल्प प्रमाणातही जीवघेणे असतात, नायट्रेट मात्र तुलनेने सौम्य असते आणि म्हणूनच ते दुर्लक्षित राहून साचत जाते. गोड्या पाण्यातील सर्वसाधारण टँकमध्ये ते लिटरला ४० मिलिग्रॅमच्या खाली, आणि जमल्यास २० च्या आसपास असावे. कोळंबी किंवा पिल्ले असतील तर त्याहूनही कमी. ते शून्यावर आणण्याचा अट्टहास मात्र करू नये, कारण दाट वनस्पतींचे टँक सांभाळणारे लोक तर वनस्पतींना खत म्हणून पोटॅशियम नायट्रेट विकत आणून पाण्यात घालत असतात.

मोजमापाबाबत दोन खबरदाऱ्या आवश्यक आहेत. थेंबांच्या किटमधील एका बाटलीतील रसायन तळाशी बसते, त्यामुळे ती पत्रकात लिहिली आहे तितका वेळ जोरात हलवली नाही तर आकडा फसवा कमी येतो. दुसरे असे की, काही किट पूर्ण नायट्रेट दाखवतात, तर काही केवळ त्यातील नायट्रोजन दाखवतात, आणि या दोहोंत ४.४३ पटींचा फरक असतो. म्हणजे एका किटवरील १० हे दुसऱ्या किटवर ४४ असू शकतात. दोन मित्रांच्या टँकमधील आकडे जुळत नाहीत, तेव्हा बरेचदा वाद पाण्याचा नसून पट्टीचा असतो.

आता नळाच्या पाण्याकडे वळू. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. याचा अर्थ असा की मानकाप्रमाणे पूर्णपणे पिण्यायोग्य असलेले पाणीही टँकमध्ये ओतताक्षणीच आपल्या उद्दिष्टाच्या वर असू शकते. धरणातून येणाऱ्या महापालिकेच्या पाण्यात सहसा ही अडचण नसते. प्रश्न येतो तो बोअरवेल आणि टँकरच्या पाण्याचा, कारण शेतातील रासायनिक खते आणि सांडपाणी मुरून नायट्रेट भूजलात उतरते, आणि महाराष्ट्रात, विशेषतः विदर्भ व मराठवाड्यात, ही समस्या जुनीच आहे. पुण्यातील आमच्या सोसायटीत पावसाळ्यात नळाचे पाणी तपासले तर रंग जवळजवळ बदलतच नाही, पण उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की तीच चाचणी ३० च्या घरात जाते. त्यामुळे मी वर्षभर एकाच वेळापत्रकाने पाणी बदलत नाही.

अशा पाण्यातील नायट्रेट ते रात्रभर बादलीत ठेवून, तुरटी फिरवून किंवा कोळशाच्या फिल्टरमधून गाळून जात नाही. उकळल्यास पाण्याची वाफ होऊन ते उलट अधिक दाट होते. घरच्या आरओ यंत्राने मात्र ते मोठ्या प्रमाणात निघते. अडचण ही की आरओच्या पाण्यात क्षारही जवळजवळ उरत नाहीत, आणि नायट्रेट तयार होण्याच्या प्रक्रियेत आम्ल निर्माण होत असल्याने ते शमवण्यासाठी पाण्यात बायकार्बोनेट असणे गरजेचे असते. म्हणून नुसते आरओचे पाणी न भरता ते नळाच्या पाण्यात मिसळून वापरावे. आरओच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारे पाणी काटकसर म्हणून टँकमध्ये ओतणारे लोकही मला भेटले आहेत. गाळून काढलेले सगळे नायट्रेट त्याच पाण्यात गोळा झालेले असते, तेव्हा त्याने फरशी पुसावी हेच बरे.

पाणी बदलण्याचे गणित सोपे असूनही सहसा कोणी मांडत नाही. समजा, टँकमध्ये आठवड्याला दर लिटरमागे १० मिलिग्रॅमची भर पडते आणि नवे पाणी नायट्रेटमुक्त आहे. दर आठवड्याला २५ टक्के पाणी बदलल्यास पातळी कालांतराने बदलाच्या आधी ४० आणि नंतर ३० अशी स्थिरावते. ५० टक्के बदलल्यास हेच आकडे २० आणि १० होतात. नव्या पाण्यातच ३० मिलिग्रॅम नायट्रेट असेल तर या प्रत्येक आकड्यात ३० मिळवावे, म्हणजे २५ टक्के बदलणाऱ्याचा टँक ७० वर जाऊन का अडकतो हे लक्षात येईल. त्याने फिल्टर बदलला, महागडी बाटली आणली, तरी मूळ कारण पिंपातच राहते.

आता भर कोठून पडते ते पाहू. माशांच्या खाद्यात साधारण ४० टक्के प्रथिने असतात आणि प्रथिनांचा सुमारे १६ टक्के भाग नायट्रोजन असतो. त्या हिशेबाने एक ग्रॅम खाद्यात ६४ मिलिग्रॅम नायट्रोजन येतो आणि त्या सर्वाचे नायट्रेट झाले तर ते २८० मिलिग्रॅमहून अधिक भरते. शंभर लिटरच्या टँकमध्ये रोज अर्धा ग्रॅम खाद्य पडले तर आठवड्याला दर लिटरमागे जास्तीत जास्त १० मिलिग्रॅमची वाढ होते. मासे वाढताना काही नायट्रोजन अंगी लावतात, म्हणून प्रत्यक्ष वाढ थोडी कमी असते. शिवाय काचेच्या मापाने शंभर लिटरचा टँक वाळू आणि दगड वजा जाता शंभर लिटरचा राहतच नाही. चिमटीने खाद्य टाकणाऱ्याला आपली चिमूट किती ग्रॅमची आहे हे माहीत नसते, आणि घरातील प्रत्येकाची चिमूट वेगळी असते. एक छोटा इलेक्ट्रॉनिक काटा येथे कोणत्याही रसायनापेक्षा अधिक उपयोगी पडतो. मोठ्या माशांना आठवड्यातून एक दिवस उपाशी ठेवल्याने काहीही बिघडत नाही. फिल्टरमध्ये साठलेला गाळ हाही कुजणारे खाद्यच होय, म्हणून तो नियमितपणे काढावा, पण स्पंज नळाखाली न धरता टँकमधून काढलेल्या पाण्यात पिळावा, नाहीतर क्लोरीनमुळे उपयुक्त जिवाणूही मरतात.

वनस्पतींचा उपाय मला सर्वांत आवडतो. शाळेतील प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगात असते ती हायड्रिला, हॉर्नवर्ट आणि पाण्यावर तरंगणाऱ्या वनस्पती झपाट्याने वाढतात आणि पाण्यातील अमोनिया आधीच शोषून घेतात, त्यामुळे नायट्रेट तयारच कमी होते. मनीप्लांटची मुळे पाण्यात आणि पाने बाहेर ठेवली तर पानांना हवेतील कार्बन डायऑक्साइड मिळतो आणि वाढ थांबत नाही. गोल्डफिशसारखे कुरतडणारे मासे असल्यास मुळांना जाळी लावावी. मात्र वाढलेला भाग छाटून टँकबाहेर टाकला तरच नायट्रोजन खरोखर बाहेर जातो. पाने टँकमध्येच कुजली तर तो परत पाण्यात मिसळतो. मुळा-मुठा आणि पवनेवर माजणारी जलपर्णी याच सांडपाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरसवर पोसली जाते, म्हणून छाटलेल्या पाणवनस्पती नाल्यात न टाकता वाळवून कुंडीत पुराव्यात.

खोल वाळूच्या थरात ऑक्सिजनविना जगणाऱ्या जिवाणूंकडून नायट्रेटचे वायूत रूपांतर करून घेण्याची पद्धत खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये चालते. घरच्या लहान टँकमध्ये मी तिच्या वाटेला जाणार नाही, कारण बिघडलेल्या थरातून विषारी हायड्रोजन सल्फाइड सुटू शकतो. नायट्रेट शोषणारी रेझिन (कृत्रिम राळेचे बारीक दाणे) काम करतात, पण ती मिठाच्या पाण्यात धुऊन पुन्हा वापरावी लागतात आणि मूळ भर तशीच चालू राहते.

फार दिवस दुर्लक्षित राहिलेल्या टँकमध्ये आकडा शंभरीच्या वर आढळला तरी एकाच दिवशी सगळे पाणी बदलू नये. अशा टँकमध्ये बायकार्बोनेट संपून पाणी आम्लधर्मी झालेले असते; त्यात एकदम ताजे पाणी पडून पीएच चढला, की तोवर निरुपद्रवी रूपात असलेला अमोनिया विषारी रूपात येतो. दर दोन-तीन दिवसांनी दहा-पंधरा टक्के पाणी, क्लोरीन घालवून आणि तापमान जुळवून, बदलत जावे, आणि प्रत्येक वेळी अमोनियाचीही चाचणी घ्यावी. काढलेले पाणी कुंड्यांना उत्तम. केवळ टँकमध्ये मीठ किंवा औषध घातले असेल तर ते झाडांना देऊ नये.