आमच्या मंडळीचा लेंट

आमची मंडळी, म्हणजे आमच्या चर्चचा समुदाय, मूळची एस. पी. जी. या इंग्लंडच्या मिशनची, म्हणजे अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतली). २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तेव्हा दारावरची पाटी बदलली, पण छापील प्रार्थना-पुस्तकातून उपासना करण्याची शिस्त जुनीच राहिली. त्यामुळे नगर जिल्ह्यातील इतर मिशनांच्या सोयऱ्यांकडून लग्नकार्यात एक टोमणा हमखास ऐकावा लागतो, की तुम्ही लोक प्रार्थना करत नाही, वाचता. महिला संघाची चिटणीस म्हणून लेंटचे, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाचे, नियोजन अनेक वर्षे माझ्याकडे असल्याने या टोमण्याला उत्तर देण्याचा थोडाफार अधिकार मला आहे, असे मी मानते.

लेंटच्या पहिल्या दिवसाची, राखेच्या बुधवारची उपासना, वेदीवरील जांभळे वस्त्र, घरोघरच्या सभांचे वेळापत्रक आणि त्यावरून होणारी दरवर्षीची कुरबुर यांविषयी वेगळे सांगण्यासारखे काही नाही. लेंटचा खरा जीव संध्याकाळच्या या सभांमध्येच असतो. पाळकसाहेब पुस्तकातून पापांगीकार चालवतात, सतरंजीवर दाटीवाटीने बसलेले आम्ही उत्तरे देतो आणि मग ते पुस्तक मिटून म्हणतात, "आता ज्यांना प्रार्थना करायची आहे त्यांनी करावी." यानंतर जे ऐकायला मिळते त्यासाठी मी एकही सभा चुकवत नाही. मिशन कंपाउंडमागे राहणाऱ्या आमच्या एक आजी कधी शाळेत गेल्या नाहीत. पण त्यांची प्रार्थना सुरू होते ती सर्वांची अंतःकरणे ज्याच्यापुढे उघडी आहेत आणि ज्याच्यापासून काहीच गुप्त नाही अशा देवाला हाक मारून, आणि त्याच दमात ती नातवाच्या पोलीस भरतीवर, सुनेच्या गुडघ्यावर आणि पाणी न लागलेल्या बोअरवर येते. प्रभुभोजनाच्या आरंभीची ही प्रार्थना १५४९ च्या पहिल्या इंग्रजी प्रार्थना-पुस्तकापासून चालत आली आहे, याच्याशी आजींना काही देणेघेणे नाही. जन्मभर दर रविवारी ऐकून ते शब्द त्यांच्या तोंडी बसले आहेत आणि मनातले गाऱ्हाणे बाहेर काढायला तेच त्यांच्या उपयोगी पडतात. पुस्तकाने आमची प्रार्थना अडवली असे म्हणणाऱ्यांनी एकदा आजींच्या शेजारी बसावे. सभेच्या शेवटी पेटीवर रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे भजन होते. टिळक अमेरिकन मिशनचे, पण राहुरीला काम केल्यामुळे आम्ही त्यांना आमचेच समजतो.

उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) दुपारी बारा ते तीन या वेळात येशूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांवर मनन होते. ही तीन तासांची उपासना सतराव्या शतकाच्या अखेरीस पेरूमधील लिमा शहरात जेझुइट या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंनी सुरू केली आणि अँग्लिकन चर्चने ती पुढे एकोणिसाव्या शतकात स्वीकारली. पहिल्या आणि चौथ्या उद्गारासाठी बहुधा बाहेरून पाहुणे येतात, उत्तम बोलतात, आणि ईस्टरपर्यंत आम्ही ते विसरतोही. मी वाट पाहते ती पाचव्या उद्गाराची, "मला तहान लागली आहे." तो आमच्याकडे मंडळीतल्याच कोणाला तरी देण्याची प्रथा आहे. एके वर्षी सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या आमच्या एक सिस्टर त्यावर बोलल्या. ऑपरेशननंतर पाणी मागणाऱ्या रुग्णाला पाणी देता येत नाही, फक्त ओल्या कापसाने ओठ टिपता येतात, आणि त्या वेळी तो ज्या नजरेने बघतो ती नजर घरी गेल्यावरही पाठ सोडत नाही, असे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितले. मग आंबेने (आंबट द्राक्षारसाने) भरलेला स्पंज ज्याने येशूच्या ओठांना लावला त्या अनाम माणसासाठी त्यांनी उभ्याउभ्याच प्रार्थना केली. ती कुठल्याही पुस्तकात नव्हती. पंखे बंद होते, एप्रिलचे ऊन होते, तरी एकही माणूस उठला नाही.

एरवी मात्र उठतात, हेही लिहिलेच पाहिजे. नाताळच्या मध्यरात्री ज्यांना बसायला जागा पुरत नाही तीच कुटुंबे लेंटमधल्या बुधवारी कुठे असतात, हे मला आजवर कळलेले नाही. आणि तिसऱ्या उद्गारानंतर मागच्या दाराने जाऊन सातव्याला परतणाऱ्या तरुण संघाच्या सभासदांना आपण दिसत नाही असे वाटत असेल, तर तो त्यांचा गैरसमज आहे.

ज्यांच्यामुळे हे सारे निभावते त्यांच्यापैकी कोणी राहू नये म्हणून यादी दोनदा तपासली आहे. घरोघर पेटी सायकलवरून नेणारे काका, ढोलकी धरणारे त्यांचे धाकटे बंधू, सतरंज्या झटकून मोजून परत आणणाऱ्या दोघी जावा, घंटा वाजवणारे व बाके पुसणारे मामा, वेदीची वस्त्रे धुणाऱ्या मावशी, वीज गेली की बॅटरी धरून उभा राहणारा त्यांचा मुलगा, आणि लेंटमध्ये केवळ चहा द्यावा असा ठराव असतानाही गुपचूप भजी तळणाऱ्या सर्व यजमानीण, या सर्वांचे महिला संघ आभार मानतो. ध्वनिक्षेपक फुकट देणारे गल्लीतील मंडपवाले ख्रिस्ती नाहीत, पण त्यांचा उल्लेख गेल्या वर्षी अहवालातून गळला होता, म्हणून येथे मुद्दाम करते.

सातही उद्गारांना बाहेरचे वक्ते बोलवावेत अशी सूचना यंदा पास्टोरेट कमिटीत, म्हणजे मंडळीच्या कारभारी समितीत, आली आहे. सहा उद्गारांबाबत माझी हरकत नाही. पाचवा मंडळीकडेच राहावा, असा अर्ज मी संघाच्या सह्यांसह पाळकसाहेबांकडे दिला आहे.