डूलॅली : इंग्रजांना चढलेला देवळालीचा ताप

पुण्या-मुंबईकडे ‘डूलॅली’ हा शब्द बऱ्याच जणांनी बिअरच्या पाटीवर वाचलेला असतो. इंग्रजीत त्याचा अर्थ ‘डोकं सटकलेला’, आणि मुळात तो आपल्या देवळालीचा आहे. मुंबईहून रेल्वेने जाताना नाशिक रोडच्या आधी लागणारं स्टेशन, तेच हे देवळाली.

१८६१ साली तिथे ब्रिटिश फौजेची छावणी झाली. नोकरीची मुदत भरलेल्या गोऱ्या शिपायांना हिंदुस्थानभरातून इथे आणून ठेवत. मायदेशी नेणारी जहाजं मात्र मुंबईहून साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच काळात सुटत. मार्चचं शेवटचं जहाज चुकलं की आख्खा उन्हाळा आणि पावसाळा इथेच. करायला काम नाही, हातात पगार आहे, वर हिवताप. दारू आणि मारामाऱ्या व्हायच्याच. फ्रँक रिचर्ड्स या शिपायाने १९३६ साली छापलेल्या आठवणींत या शब्दाचा उगम छावणीतल्या कंटाळ्याशीच जोडला आहे. देवळालीत वेड्यांचं मोठं इस्पितळ होतं म्हणून हा शब्द आला, असंही सांगतात. पण नुसत्या वाट बघण्यानेही माणसाचं डोकं फिरतं, त्यासाठी इस्पितळ लागत नाही.

शिपाई पूर्ण म्हणायचे ‘डूलॅली टॅप’. हा ‘टॅप’ म्हणजे ताप! फारसी-उर्दूत तप, मराठीत ताप. पुढे इंग्रजांना तो त्यांचा स्वतःचा ‘टॅप’, म्हणजे डोक्यावर मारलेली टपली, वाटू लागला. मूळ अर्थ असा पुसला गेला आणि आज बहुतेक जण नुसतं ‘डूलॅली’ म्हणतात.

उच्चारात जोर मधल्या ‘लॅ’वर येतो. वापरताना हा शब्द बहुधा क्रियापदानंतर ठेवायचा: ‘ही हॅज गॉन डूलॅली’, म्हणजे ‘याचं डोकं सटकलंय’. नामाच्या आधी लावून ‘अ डूलॅली मॅन’ म्हटलं तर कानाला खटकतं. बिघडलेल्या प्रिंटरलाही ब्रिटनमध्ये हेच म्हणतात. अमेरिकेत मात्र हा शब्द फारसा चालत नाही. आणि खऱ्या मानसिक आजाराबद्दल बोलताना तो वापरूच नये, तिथे तो टोचतो.

मराठीत अर्थ सांगायचा तर ‘वेडा’ म्हणू नका, ते फार जड होतं. ‘भ्रमिष्टासारखा वागतोय’, ‘सटकलाय’ हे जवळ जातं. आपल्या ‘डोक्याला ताप’चा अर्थ वैताग, डोकं फिरणं नव्हे. तरी एप्रिलच्या उन्हात जहाजाची वाट बघणाऱ्या त्या शिपायाला दोन्ही लागू पडले असते.