खालच्या दोन ओळी

कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, डिस्क्रीट मॅथ्सचं ट्युटोरियल. 'जर प तर फ' या विधानाचं ट्रुथ टेबल भरायला दिलं होतं: प आणि फ खरे-खोटे असण्याच्या चार शक्यता चार ओळींत, आणि प्रत्येक ओळीत विधान खरं की खोटं ते लिहायचं. वह्या बघत फिरताना दिसलं, बऱ्याच जणांनी वरच्या दोन ओळी भरल्या होत्या आणि प खोटं असलेल्या खालच्या दोन कोऱ्या सोडल्या होत्या. एक मुलगी म्हणाली, "सर, अट खोटी असली तर पुढचं चालतच नाही ना?"

हे सी भाषेतल्या 'इफ'चं अगदी अचूक वर्णन झालं. पण ते 'इफ' म्हणजे हुकूम. त्याला खरं-खोटं नसतं. तर्कातलं 'जर-तर' हे विधान आहे, त्याला चारही ओळींत उत्तर द्यावंच लागतं. पाठ करून घेतलं की टेबल भरतं, दुखणं मात्र तसंच राहतं. म्हणून फळ्यावर लिहिलं: 'संख्येला ४ ने भाग गेला तर ती सम असते.' हे सगळ्या पूर्णांकांसाठी खरं आहे, सगळ्यांना मान्य. मग ८, ६ आणि ७ घालून बघा. ६ ला पहिला भाग खोटा, दुसरा खरा; ७ ला दोन्ही खोटे. विधान सगळीकडे खरं म्हणायचं, तर या ओळींतही 'खरं'च यायला हवं.

खरी गंमत पुढच्या गणितात झाली. 'एका तरी विद्यार्थ्याला पायथॉन येतं' याचं चिन्हांत निम्म्या वर्गाने ∃क्ष (वि(क्ष) → पा(क्ष)) केलं, म्हणजे 'असा एक तरी क्ष आहे, की तो विद्यार्थी असेल तर त्याला पायथॉन येतं'; बाण म्हणजे 'जर-तर'. 'सगळ्या'ला बाण चालतो, मग इथेही चालेल, असा हिशेब. तीन नोंदींची यादी केली: पायथॉन न येणारे दोन विद्यार्थी आणि कँटीनचा फ्रीज. एक तरी नोंद अटीत बसली की ट्रू देणाऱ्या पायथॉनच्या 'एनी'मध्ये 'विद्यार्थी नाही किंवा पायथॉन येतं' (बाणाचाच अर्थ) घालून चालवलं. उत्तर ट्रू! फ्रीज विद्यार्थी नाही, तेवढ्यावर विधान खरं ठरलं. बाणाच्या जागी 'आणि' घातल्यावर फॉल्स आलं. उलट 'सगळ्या'ला 'आणि' लावलं, तर विधान खरं ठरायला फ्रीजलाही विद्यार्थी म्हणून प्रवेश द्यावा लागतो.

शेवटी नकार. 'प → फ'चा नकार म्हणून मघाच्याच मुलीने 'प → ¬फ' (जर प तर फ नाही) लिहिलं. चूक न सांगता फक्त दोन्हींची टेबलं शेजारी मांडायला सांगितली. खालच्या दोन्ही ओळींत दोघांनाही 'खरं' आलं. विधान आणि त्याचा नकार एकाच वेळी खरे कसे? तिने बाण खोडून 'प ∧ ¬फ' केलं, म्हणजे 'प आहे आणि फ नाही'.